ऑक फान्सा, थाट लुआंग आणि एका छोट्या ऑफिसच्या सुट्ट्या: व्हिएंतिआनमधलं एक प्रकरण

हे प्रकरण 2024 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधलं आहे. लाओसची राजधानी व्हिएंतिआनमधलं पाणीपुरवठ्याच्या प्रोजेक्टचं एक लहान ऑफिस. माणसांची नावं, गावं आणि कामाचे काही तपशील बदललेत, सणांच्या तारखा मात्र खऱ्याच आहेत. त्या ऑफिसचं ऍडमिनचं काम मी बाहेरून बघायचे, त्यामुळे सुट्ट्यांचं हे सगळं जवळून पाहता आलं. लाओसमध्ये किंवा लाओ टीमसोबत काम करणाऱ्या आपल्या लोकांना याचा उपयोग होईल असं मनापासून वाटतं, कारण इंटरनेटवर सणांच्या याद्या ढीगभर मिळतात पण त्या यादीतून खऱ्या माणसांच्या रजा कशा बसवायच्या ते कुठे फारसं लिहिलेलं नसतं.

पार्श्वभूमी

ऑफिसची मॅनेजर नागपूरची, बौद्ध कुटुंबातली. इथे तिला ताई म्हणते. ताईला लाओसला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आणि नेमका त्याच दिवशी लाओ नववर्ष पी माय सुरू होतं (14 ते 16 एप्रिल, तिन्ही दिवस सरकारी सुट्टी), याचा तिला फार आनंद झाला होता. बौद्ध देश, बौद्ध सण, आपल्याला इथलं कॅलेंडर समजायला वेळ लागणार नाही असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरंचसं खरंही होतं.

पण एप्रिलमध्येच पहिली गोष्ट कळली. सरकारी सुट्टी तीन दिवसांची असली तरी पी मायचा अख्खा आठवडा काम होत नाही. लोक गावी जातात, आठवडा आधीपासून दुकानं ऑर्डर घेणं थांबवतात, आणि परत यायला ज्याला जशी गाडी मिळेल तसा तो येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लाओसच्या राष्ट्रीय सुट्ट्यांची यादी खूपच छोटी आहे. 1 जानेवारी, महिलांसाठी 8 मार्च, पी माय, 1 मे, 2 डिसेंबरचा राष्ट्रीय दिन, आणि थोड्या अजून. ज्या पौर्णिमांना सगळा देश पहाटे उठून वाटात, म्हणजे विहारात जातो त्यातल्या बहुतेक या यादीत नाहीतच. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला विहारातला मुक्काम, सुरू होतो ती खाओ फान्सा, संपतो ती ऑक फान्सा, थाट लुआंग स्तूपाची नोव्हेंबरमधली जत्रा, हे सगळं लोक एकतर स्वतःच्या रजेतून करतात, नाहीतर ऑफिसच्या समजूतदारपणावर. बोट रेसच्या दिवशी व्हिएंतिआनमधली बरीच ऑफिसं बंद असतात, पण ती व्हिएंतिआनपुरती गोष्ट, उत्तरेतल्या लुआंग प्रबांग शहराची बोट रेस वेगळ्या महिन्यात असते. वर्षभर नोकरी झाली की कामगार कायद्याप्रमाणे 15 दिवस पगारी रजा मिळते आणि सरकारी सुट्ट्या त्यात धरत नाहीत. म्हणजे माणसाकडे 15 दिवस, आणि मनात असलेल्या दिवसांची यादी त्याच्या दुप्पट.

अडचण कुठे होती

2024 चा ऑक्टोबर असा होता. 8 ते 11 तारखेला व्हिएंतिआनमध्ये आसियानची शिखर परिषद, म्हणजे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. 12 ला शनिवारी विजयादशमी, आणि ताईला त्या दिवशी दीक्षाभूमीवर असायचं होतं, तिच्या घरात ते चुकवत नाहीत. 14 ला सोमवारी थायलंडमध्ये बदली सुट्टी, कारण 13 तारखेची राजा भूमिबोल यांच्या स्मृतिदिनाची सुट्टी रविवारी आलेली. लाओसचा याच्याशी काय संबंध असं वाटेल, तर प्रोजेक्टचे पंप थायलंडहून मेकाँग नदीवरच्या मैत्री पुलावरून येणार होते आणि पैसे तिकडच्या बँकेत जाणार होते. मग गुरुवारी 17 ला ऑक फान्सा आणि शुक्रवारी 18 ला व्हिएंतिआनची बोट रेस. महिनाअखेरीला, 31 ला, बोलिखमसाय प्रांतातल्या गावात पंप बसवून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हातात द्यायचे, ती तारीख निधी देणाऱ्या संस्थेच्या करारात लिहिलेली.

टीम अवघी आठ-नऊ जणांची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रजेचा लेखी अर्ज एकच आला होता, अकाउंटंटचा. यावरून ताईला वाटलं की बाकीच्यांना काही अडचण नाही. मला तसं वाटत नव्हतं. तिथले लोक वरिष्ठाला मागणी करून अडचणीत टाकणं टाळतात, आदल्या दिवशी हळूच सांगतात किंवा सकाळी फोन करून घरी काम आहे म्हणतात. यात खोटेपणा अजिबात नाही, समोरच्याला नाही म्हणायची वेळ येऊ नये ही काळजी असते. पण त्यामुळे अर्ज किती आले यावरून प्लॅन करणं तिथे चालत नाही.

कोणाला काय हवं होतं

शेवटी ताईने प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच होता. "तुला किती दिवस सुट्टी हवी?" असं तिने विचारलं नाही. विचारलं ते असं: या दोन महिन्यांत असा कोणता वेळ आहे जेव्हा तू तिथे नसलास तर घरच्यांना वाईट वाटेल, आणि ती जागा कुठे आहे?

उत्तरं ऐकून चित्रच बदललं.

अकाउंटंट लुआंग प्रबांगची. तिथे वर्षावास संपताना बांबू आणि कागदाच्या मोठमोठ्या होड्या बनवतात, दिव्यांनी सजवतात, मुख्य रस्त्यावरून मिरवत नेऊन मेकाँगमध्ये सोडतात, त्याला लाय हुआ फाय म्हणतात. तिच्या वाटाची होडी बनवण्यात तिचं सगळं घर असतं. तिला 17 आणि 18 दोन्ही दिवस तिथे हवे होते, आणि 16 च्या संध्याकाळची ट्रेन. डिसेंबर 2021 मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाल्यापासून हा प्रवास दोनेक तासांचा झालाय, पण सणाला तिकीट मिळणं अवघड आणि तेव्हा विक्री काही दिवसच आधी उघडायची, महिनाभर आधी बुक करून निश्चिंत होता येत नव्हतं.

ड्रायव्हर व्हिएंतिआनजवळच्या गावातला, गावाच्या बोटीत वल्हं मारणारा. लांब बोट, त्यात चाळीस-पन्नास माणसं, आणि कितीतरी दिवस संध्याकाळी सराव. त्याला रजा एकच दिवस हवी होती, 18, पण खरी गरज होती ती सरावासाठी रोज साडेचारला सुटण्याची. हे त्याने कधीच मागितलं नसतं. शिवाय त्यानेच सांगितलं की 17 च्या संध्याकाळी रस्ता क्रमांक 13 ने दक्षिणेकडे गाडी नेऊ नका, मेकाँगमधून निघणारे लालसर गोळे, ज्यांना तिकडे नागाचे अग्निगोळे म्हणतात, ते बघायला त्या बाजूला दोन्ही काठांवर तुफान गर्दी होते, परत यायला रात्र होईल. आमच्या फील्ड प्लॅनमध्ये नेमकी 17 ला बोलिखमसायची खेप लिहिलेली होती!

ऑफिसची कामं बघणारी मावशीच्या वयाची बाई, तिला इथे मावशीच म्हणते, ती म्हणाली की तिला ऑक फान्साची फक्त पहाट हवी. भिक्खूंना दान देणं, म्हणजे ताक बात, झालं की ती दहापर्यंत ऑफिसला येऊ शकते. पूर्ण दिवस तिला नकोच होता! तिचा मोठा दिवस थाट लुआंगचा, 15 नोव्हेंबर. आदल्या दिवशी मेणाच्या फुलांचे छोटे प्रासाद घेऊन मिरवणूक निघते, पौर्णिमेच्या पहाटे थाट लुआंग स्तूपाच्या आवारात हजारो लोक ताक बातला बसतात. तो दिवस तिला सोडायचा नव्हता.

फील्ड ऑफिसर हमोंग समाजाचा. तो बौद्ध नाही. गेली कित्येक वर्षं प्रत्येक पौर्णिमेला ऑफिस सांभाळायला तोच, कारण "तुला तर काही नसतं ना". त्याला डिसेंबरमध्ये हमोंग नववर्षासाठी शिएंग खुआंग प्रांतात सलग आठवडा हवा होता, आणि दर वर्षी तेव्हा वर्षअखेरीचे रिपोर्ट असायचे म्हणून तो मिळत नव्हता. हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होती असं तिने मला सांगितलं.

आणि टेक्निशियन, जो पंप बसवणार होता. त्याला 17 ला काहीच नको होतं, 18 लाही नको. त्याचं होतं काथिन. आपल्याकडे कठिन चीवर दान म्हणतात तेच. वर्षावास संपल्यावर पुढच्या पौर्णिमेपर्यंतच्या महिनाभरात प्रत्येक वाट स्वतःची एक तारीख ठरवतं, तेव्हा भिक्खूंना चीवर आणि इतर दान देतात. त्याचं कुटुंब त्या वर्षी चंपासाक प्रांतातल्या गावातल्या काथिनचं यजमान होतं. तारीख अजून ठरायची होती.

काथिन कुठल्याच छापील कॅलेंडरमध्ये एका तारखेला सापडत नाही, आणि नेमकी प्रोजेक्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांवर तेच येऊन बसणार होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: 14 ते 18 पूर्ण आठवडा ऑफिस बंद, सगळ्यांच्या रजेतून कापायचे. सोपं, आणि वरून बघणाऱ्याला समान वाटणारं. पण हमोंग ऑफिसरचे पाच दिवस अशा सणात गेले असते जो त्याचा नाहीच, आणि डिसेंबरला त्याच्याकडे काही उरलं नसतं. टेक्निशियनचं तसंच. मावशींना तर एक पहाट हवी होती आणि त्यांचे पाच दिवस गेले असते. ज्या सुट्टीचा सगळ्यांना सारखा उपयोग नाही ती सगळ्यांकडून सारखी कापणं याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे राष्ट्रीय यादीबाहेर काही नाही, ज्याला हवं त्याने अर्ज करावा, आधी येईल त्याला आधी. कागदावर हे बरोबर आहे. पण मग ज्याला मागता येतं त्याला मिळतं, आणि न मागणारा ड्रायव्हर 18 च्या सकाळी फोन करतो.

तिसरा: बोट रेसचा शुक्रवार ऑफिसतर्फे सुट्टी, कोणाच्या रजेतून नाही. बाकी सगळं माणसागणिक, अर्धे दिवस आणि उशिरा येणं धरून. यात मॅनेजरची मेहनत जास्त आणि हेड ऑफिसला समजावणं अवघड, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये "पहाट" असा रजेचा प्रकार नसतो.

आणि एक प्रश्न स्वतः ताईचा. तिने नागपूरला जावं का? तिच्या मनात होतं की टीमला एवढं जपून द्यायचं आणि आपण मध्येच निघून जायचं हे बरं दिसेल का. मी तिला स्पष्ट म्हटलं की जा. मॅनेजर स्वतःचा सण सोडून बसली की बाकीच्यांना मागणं आणखी अवघड होतं. तिने टीमला दीक्षाभूमीबद्दल, 14 ऑक्टोबर 1956 बद्दल सांगितलं, लाखो लोक तिथे का जातात ते सांगितलं, त्यानंतर मावशींनी तिला विहारात द्यायला म्हणून काही सामान बांधून दिलं.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. एक मोठा कागद, वर तारखा, बाजूला माणसं, प्रत्येक चौकोनात फक्त कुठे आणि किती वाजता. त्यात व्हिएंतिआनचे सण, थायलंडच्या सुट्ट्या आणि शिखर परिषदेचे दिवस तीन रंगांत. भिंतीवर लावला, फाईलमध्ये नाही ठेवला.

पंपांचा ट्रक ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात पुलावरून आणायचा असं सप्लायरला कळवलं, परिषदेच्या आठवड्यात कस्टममध्ये अडकायची जोखीम नको होती. थायलंडला जाणारं पेमेंट ताई निघायच्या आधी. 17 ची फील्ड खेप 15 ला आणली. ड्रायव्हरला तीन आठवडे साडेचारला सोडायचं, बदल्यात सकाळी तासभर लवकर. हमोंग ऑफिसरचा डिसेंबरचा आठवडा आधी मंजूर केला, लेखी, आणि मगच त्याला विचारलं की 17 ला ऑफिसमध्ये बसशील का. हा क्रम महत्त्वाचा होता. आधी त्याचं दिलं, मग त्याच्याकडे मागितलं.

राहिलं काथिन. तारीख माहीत नसताना प्लॅन कसा करायचा? इथे ताईने सप्टेंबरमध्येच निधी देणाऱ्या संस्थेला लिहिलं की 31 ची तारीख एक आठवडा पुढे जाऊ शकते आणि त्याचं कारण हे आहे. हेड ऑफिसमधल्या एकाने विरोध केला, होणारच नसेल तर आधीच कशाला बोलायचं, आपण ढिसाळ दिसू. मला ताईचं पटलं. सप्टेंबरमध्ये सांगितलेलं कारण हे नियोजन असतं, 30 ऑक्टोबरला सांगितलं तर तेच कारण सबब वाटतं.

काय झालं

परिषदेच्या आठवड्यात ताईने विमानतळाचा नाद सोडला आणि पूल ओलांडून उदोन थानीमार्गे बँकॉक, तिथून भारत असा प्रवास केला. 12 ला ती दीक्षाभूमीवर होती. परतीला थायलंडच्या लाँग वीकेंडमुळे भाडं बरंच जास्त पडलं पण 15 च्या रात्री ती परत आली.

ऑक फान्साला ऑफिस चालू राहिलं. मावशी दहाच्या आधीच आल्या, प्रसादाचा चिकट भात आणि केळी घेऊन. शुक्रवारी ऑफिस बंद, ड्रायव्हरची बोट फार पुढे गेली नाही, पण सोमवारी त्याने व्हिडिओ सगळ्यांना दाखवले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अकाउंटंटला लुआंग प्रबांगहून रविवारचं परतीचं तिकीट मिळालंच नाही. ती सोमवारी व्हॅनने आली, संध्याकाळ झाली. बँकेत दोन सह्या लागायच्या, एक तिची आणि एक ताईची, त्यामुळे सोमवारचं मजुरांचं पेमेंट मंगळवारवर गेलं. गावातल्या मजुरांनाही सणाचा खर्च झालेला होता, त्यांना एक दिवस उशिरा पैसे मिळणं मला अजूनही टोचतं.

काथिनची तारीख ऑक फान्साच्या दोन-तीन दिवस आधी कळली: 26-27 ऑक्टोबर, शनिवार-रविवार. चंपासाक लांब, त्यामुळे टेक्निशियनला शुक्रवार आणि सोमवारही लागले. पंप बसवायचे शेवटचे दिवस तेच. 31 ला काम होणं शक्यच नव्हतं. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला फोन केला तर त्यानेच हसून सांगितलं की त्यांच्याकडेही त्याच दिवसांत दोन काथिन आणि एक लग्न आहे. वर्षावासात तिथे लग्नं टाळतात, आपल्याकडच्या चातुर्मासासारखंच, त्यामुळे ऑक फान्सा झाली की लग्नांची रांग लागते. हस्तांतर 6 नोव्हेंबरला झालं, थाट लुआंगच्या आठवडाभर आधी. संस्थेने काहीही आक्षेप घेतला नाही.

हमोंग ऑफिसर डिसेंबरमध्ये आठवडाभर शिएंग खुआंगला जाऊन आला. वर्षअखेरीचा रिपोर्ट बाकीच्यांनी वाटून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर सुरुवात सप्टेंबरमध्ये व्हायला नको होती. खाओ फान्साची पौर्णिमा झाली, 2024 मध्ये ती 20 जुलैला होती, की त्यानंतरच्या तिसऱ्या पौर्णिमेला ऑक फान्सा आणि चौथीला थाट लुआंग हे पक्कं असतं. कोणाच्या घरातला मुलगा वर्षावासापुरता भिक्खू झालाय, कोणाचं घर काथिनचं यजमान होणार, हेही तेव्हाच विचारायला हवं. तारीख नाही कळली तरी "या महिन्यात कधीतरी चार दिवस" एवढं कळतं, आणि प्लॅनसाठी तेवढंही पुष्कळ आहे.

आपल्या लोकांसाठी एक सोय आहे. लाओ पौर्णिमा आणि आपली आषाढी, अश्विन, कार्तिक पौर्णिमा बहुतेक वर्षी एकाच दिवशी किंवा एक दिवस इकडेतिकडे येतात, घरच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून अंदाज बांधता येतो. पण अधिक महिन्याच्या वर्षी सावध राहा. त्यांच्याकडे जादा महिना नेहमी आठव्या महिन्याजवळच घालतात, आपल्याकडे तो फिरता असतो. 2023 ला आपल्याकडे अधिक श्रावण होता, आषाढी पौर्णिमा 3 जुलैला झाली आणि तिकडे वर्षावास ऑगस्टच्या सुरुवातीला लागला. अख्ख्या महिन्याचा फरक! ऑक्टोबरपर्यंत दोन्ही पुन्हा जुळले. अशा वर्षी फक्त लाओ कॅलेंडर वापरायचं.

अकाउंटंटची परतीची रजा सोमवार धरूनच द्यायला हवी होती. सणाच्या रविवारी परत येणं ज्या तिकिटावर अवलंबून आहे ते हातात नसताना सोमवार सकाळचं काम तिच्या नावावर लिहायला नको होतं.

बोट रेसची सुट्टी ऑफिसतर्फे दिली ते बरोबर होतं, पण टीममध्ये एक जण सवन्नाखेतला बसतो त्याला त्या शुक्रवारचा काही उपयोग नव्हता. त्याला त्याच्या गावच्या बोट रेसचा दिवस द्यायला हवा होता. हे त्याने स्वतः सांगेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

2025 चा कागद जुलैच्या 10 तारखेला, खाओ फान्सा झाली त्याच आठवड्यात लावला. 2 ऑक्टोबर विजयादशमी, 7 ऑक फान्सा, 8 बोट रेस, 5 नोव्हेंबर थाट लुआंग. काथिनसाठी वेगळा रकाना आहे, त्यात नावं आहेत, तारखा नंतर भरायच्या. सवन्नाखेतच्या सहकाऱ्याची सुट्टी वेगळी लिहिलीय. आणि बँकेत तिसऱ्या माणसाची सही जोडलीय, फील्ड ऑफिसरची.